पाण्यातल्या कणावर प्रभार किती? मोजला जातो तो वेग, बाकी सगळं गणित

गढूळ पाण्यात बोट बुडवलं तर झटका बसत नाही. पण त्याच पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या प्रत्येक बारीक कणावर ऋण विद्युत प्रभार असतो, आणि तोही शेकडो, हजारो इलेक्ट्रॉनांच्या बरोबरीचा. झटका न बसण्याचं कारण साधं आहे: कणांवर जितका ऋण प्रभार, तितकाच धन प्रभार पाण्यात विरघळलेल्या आयनांवर असतो. सगळं मिळून बेरीज शून्य. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला प्रभार दिसतच नाही, आणि मोजायचा मात्र तोच आहे.

हवेतल्या थेंबाचं काम सोपं होतं. रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासून पुढची काही वर्षं तेलाचे सूक्ष्म थेंब दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये सोडले, खालून-वरून विद्युत क्षेत्र लावलं, थेंब किती वेगाने पडतो आणि किती वेगाने चढतो ते पाहिलं आणि एका इलेक्ट्रॉनाचा प्रभार काढला. हवेत थेंब एकटा असतो. त्याच्यावरचं विद्युत बल, त्याचं वजन आणि हवेचा विरोध एवढ्यात हिशेब संपतो. पाण्यात कण एकटा कधीच नसतो. त्याच्या प्रभाराने ओढून घेतलेले आयन सतत त्याच्याभोवती घुटमळत असतात. प्रभार मोजायला जावं तर कोणाचा मोजायचा? कणाचा एकट्याचा, की त्याच्यासोबत फिरणाऱ्या आयनांसकट? या विषयातला बहुतेक गोंधळ या एका प्रश्नातून निघतो. प्रयोगशाळेच्या अहवालावर छापलेला आकडा वाचताना लोक जिथे घसरतात ती जागाही हीच.

प्रभार येतो कुठून?

काच, वाळू, सिलिका यांच्या पृष्ठभागावर सिलिकॉनला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्यात गेल्यावर त्यातल्या काहींचा हायड्रोजन आयन सुटून जातो आणि मागे ऋण प्रभार राहतो. किती सुटतील हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून. पाणी जितकं आम्लधर्मी तितके हायड्रोजन आयन परत येऊन चिकटतात. सिलिकाचा प्रभार सामू २ ते ३ च्या आसपास शून्य होतो. ॲल्युमिनाचा मात्र ९ च्या जवळपास. म्हणून सामू ७ असलेल्या एकाच पाण्यात सिलिकाचा कण ऋण असतो आणि ॲल्युमिनाचा धन. ज्या सामूला कण विद्युत क्षेत्रात हलतच नाही, त्याला समविद्युत बिंदू म्हणतात. प्रथिनांनाही असा बिंदू असतो.

चिकणमातीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या स्फटिकात सिलिकॉनच्या काही जागा ॲल्युमिनियमने आणि ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. सिलिकॉनचा प्रभार अधिक चार, ॲल्युमिनियमचा अधिक तीन. बदलीमागे एक धन प्रभार कमी पडतो आणि ती तूट ऋण प्रभार म्हणून कणाच्या चपट्या बाजूंवर कायमची राहते. सामू बदलला तरी ती जात नाही. तिसरा मार्ग म्हणजे पाण्यातला एखादा आयन किंवा साबणासारखा रेणू पृष्ठभागावर येऊन बसणं. एकूण काय, पाण्यात पूर्णपणे प्रभारहीन कण सापडणं हाच अपवाद.

भोवतीचा ढग

ऋण कणाजवळ धन आयन ओढले जातात. पण ते थेट चिकटून बसत नाहीत, कारण उष्णतेमुळे त्यांची धडपड चालू असते. ओढ आणि धडपड यांच्यात तोल साधून आयनांचा एक विरळ होत जाणारा ढग तयार होतो. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्ये प्रभाराच्या दोन समोरासमोरच्या थरांची कल्पना मांडली होती. ढगाची कल्पना गूई यांनी १९१० मध्ये आणि चॅपमन यांनी १९१३ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि १९२४ मध्ये स्टर्न यांनी दोन्ही जोडून दाखवल्या: काही आयन पृष्ठभागाला अगदी लगटून, बाकीचे पसरलेले. या सगळ्या रचनेला विद्युत द्विस्तर म्हणतात.

ढगाची जाडी कणावर नाही, पाण्यातल्या मिठावर ठरते. एका लिटरमध्ये एक मिलिमोल साधं मीठ असेल तर ती सुमारे ९.६ नॅनोमीटर भरते. मीठ शंभरपट केलं की जाडी दहापट घटून एक नॅनोमीटरच्या आसपास येते. समुद्राच्या पाण्यात ती अर्ध्या नॅनोमीटरपेक्षाही कमी असते, म्हणजे पाण्याच्या एक-दोन रेणूंइतकी. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे सारखा लागणार आहे.

कण पाण्यातून सरकतो तेव्हा त्याला लगटलेला पाण्याचा आणि आयनांचा एक पातळ थर त्याच्याबरोबर जातो, बाकीचं पाणी मागे घसरतं. जिथे ही घसरण सुरू होते त्या काल्पनिक पृष्ठभागावरच्या विद्युत विभवाला झीटा पोटेन्शियल म्हणतात. हे नाव अहवालांवर सर्रास दिसतं, मिलिव्होल्टमध्ये, उणे ३५ किंवा अधिक २० असं. हा कणाच्या खऱ्या पृष्ठभागावरचा विभव नव्हे आणि कणाचा प्रभारही नव्हे. तो थोडा बाहेरचा, आयनांनी बराचसा झाकून टाकल्यानंतर उरलेला विभव आहे. तरी याच आकड्याची एवढी चलती का? कारण कण एकमेकांजवळ येतात तेव्हा त्यांना जाणवतो तो हाच उरलेला भाग.

मॉस्कोतली ओली माती

व्होल्टाची विद्युत घटमाला १८०० मध्ये आली आणि लोकांनी हाताला लागेल त्यातून वीज सोडून पाहायला सुरुवात केली. मॉस्को विद्यापीठातले फर्डिनांड रॉइस यांनी ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यात पाणी भरलं आणि दोन्हींत इलेक्ट्रोड ठेवले. धन इलेक्ट्रोडच्या नळीतलं पाणी गढूळ झालं, कारण मातीचे कण तिकडे ओढले गेले. ऋण इलेक्ट्रोडच्या नळीत पाण्याची पातळी चढली. १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एका प्रयोगात दोन्ही गोष्टी होत्या: विजेने कण पाण्यातून सरकतात, आणि कण जागेवर अडकलेले असतील तर पाणी त्यांच्यातून उलट दिशेने सरकतं. पहिलीला विद्युत-कणसंचलन, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, दुसरीला इलेक्ट्रोऑस्मोसिस. मोजमाप करणाऱ्यांना पहिली हवी असते. दुसरी त्यांचा पिच्छा सोडत नाही, ते पुढे येईलच.

तर मोजायचं काय, तर कणाचा वेग. विद्युत क्षेत्र लावलं की कण क्षणार्धात, मायक्रोसेकंदाच्याही आत, आपला कायमचा वेग गाठतो, कारण इतक्या हलक्या वस्तूला पाणी लगेच अडवतं. या वेगाला विद्युत क्षेत्राने भागलं की मिळते गतिशीलता. यंत्र खऱ्या अर्थाने एवढंच मोजतं.

वेगावरून झीटा काढण्याचं सूत्र १९०३ मध्ये मारियान स्मोलुचोव्हस्की यांनी दिलं. झीटा म्हणजे गतिशीलता गुणिले पाण्याची श्यानता, भागिले पाण्याची विद्युत पारगम्यता. श्यानता म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, आणि पारगम्यता म्हणजे पाणी विद्युत क्षेत्राला किती क्षीण करतं त्याचं माप. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचे आकडे घातले की हिशेब सुटसुटीत होतो: गतिशीलतेचं एक एकक, म्हणजे दर सेंटिमीटरला एक व्होल्ट लावल्यावर सेकंदाला एक मायक्रोमीटर वेग, बरोबर १२.८ मिलिव्होल्ट.

या सूत्रात एक चकित करणारी गोष्ट आहे, किंबहुना एक गैरहजेरी: कणाचा आकार त्यात कुठेच नाही. ढग कणाच्या मानाने पातळ असेल तर दहा मायक्रोमीटरचा कण आणि एक मायक्रोमीटरचा कण, झीटा सारखा असल्यास, एकाच वेगाने जातात. मोठ्यावर प्रभार जास्त असतो हे खरं, पण त्याला होणारा विरोधही जास्त असतो. शिवाय क्षेत्र जसं कणाला ओढतं तसं ढगातल्या उलट्या प्रभाराच्या आयनांना विरुद्ध दिशेला ओढतं, आणि ते आपल्याबरोबर पाणी घेऊन जातात. कणाला या उलट्या प्रवाहातून वाट काढावी लागते. म्हणूनच मिलिकन यांच्यासारखं प्रभार गुणिले क्षेत्र बरोबर पाण्याचा विरोध असं मांडलं तर उत्तर सपशेल चुकतं.

वेग मोजायचा कसा

जुनी पद्धत डोळ्यांची. रिचर्ड झिग्मोंडी आणि हेन्री झीडेनटॉफ यांनी १९०३ मध्ये अतिसूक्ष्मदर्शक बनवला. त्यात बाजूने प्रखर प्रकाश टाकून काळ्या पार्श्वभूमीवर कण चमकते ठिपके म्हणून दिसत. बारीक नळीत नमुना भरायचा, दोन टोकांना वीज जोडायची आणि नेत्रिकेतल्या जाळीचा एक चौकोन ओलांडायला ठिपक्याला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. मग वीज उलटी करून परत. अशा शेकडो ठिपक्यांची नोंद करताना डोळ्यांचं काय होत असेल याची कल्पना करावी.

डोळे शिणतात ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण नळीची. काचेच्या भिंतीवरही ऋण प्रभार असतो आणि तिच्यालगतही आयनांचा ढग असतो. वीज लावली की तो ढग सरकतो, भिंतीजवळचं पाणी एका दिशेला वाहू लागतं, आणि नळी दोन्ही टोकांना बंद असल्यामुळे ते मधून परत फिरतं. हेच ते रॉइस यांचं चढणारं पाणी. आता दिसणारा ठिपका स्वतः चालतो आहे की पाणी त्याला वाहून नेतं आहे? भिंतीजवळ एक वेग दिसतो, मध्यभागी दुसरा, आणि दोन्ही खोटे. सुदैवाने जाणारं आणि परतणारं पाणी जिथे भेटतं तिथे एक थर स्थिर राहतो. गोल नळीत तो मध्यापासून त्रिज्येच्या ०.७०७ पट अंतरावर असतो. तिथेच सूक्ष्मदर्शक रोखायचा. पण नेमका याच जागी पाण्याचा वेग अंतरागणिक झपाट्याने बदलतो, त्यामुळे रोखण्यात केसभर फरक पडला तरी आकडा बिघडतो.

आजची यंत्रं दुसरी युक्ती वापरतात. कण मायक्रोसेकंदात वेग घेतो, पण भिंतीपासून सुरू झालेला पाण्याचा प्रवाह नळीभर पसरायला त्याच्या हजारो पट वेळ लागतो. म्हणून विजेची दिशा सेकंदाला अनेकदा उलटवायची. प्रवाह जम बसवण्याआधीच दिशा बदललेली असते आणि नळीच्या मध्यावर कणाचा खरा वेग मिळतो. नंतर दिशा सावकाश बदलूनही एक मोजणी केली, की दोन्हींतल्या फरकावरून भिंतीचं योगदान किती हेही कळतं. मला या सगळ्या तंत्रज्ञानात सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. भिंतीचा उपद्रव थांबवता येत नाही, म्हणून तो सुरू होण्याआधी मोजून घ्यायचं!

वेग टिपण्यासाठी स्टॉपवॉचऐवजी लेझर असतो. एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पॉलिस्टायरीनचा १०० नॅनोमीटर व्यासाचा गोल कण, पाण्यात लिटरला एक मिलिमोल मीठ, सेंटिमीटरला १० व्होल्टचं क्षेत्र, आणि समजा कणाचा वेग सेकंदाला ३१ मायक्रोमीटर. इतक्या वेळात हाच कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी, म्हणजे ब्राउनियन हालचालीने, एखाद्या दिशेत तीनेक मायक्रोमीटर भरकटतो. म्हणजे सरळ चाल भरकटण्याहून ठळक आहे, पण मोजमापात विस्कळीतपणा येणारच.

चालत्या कणावरून विखुरलेल्या प्रकाशाची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे किंचित बदलते. किती किंचित? लाल लेझरची वारंवारता सेकंदाला सुमारे ४७० लाख कोटी कंपनं, आणि नेहमीच्या लहान कोनातून पाहिल्यास आपल्या कणामुळे होणारा बदल पंधरा-वीस कंपनांचा. इतका फरक थेट मोजणारं उपकरण नाही. त्यासाठी लेझरचा झोत आधीच दोन भागांत विभागतात. एक नमुन्यातून जातो, दुसरा बाहेरून, आणि शेवटी दोन्ही एकत्र आणतात. तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी जवळच्या, पण न जुळलेल्या स्वरांत असल्या की आवाज कमी-जास्त होत लहरतो आणि त्या लहरण्यावरूनच फरक किती ते कळतं; प्रकाशाचंही तसंच होतं. उजेड सेकंदाला वीस वेळा लहरला तर वारंवारतेतला फरक वीस.

यातून वेग कळतो, दिशा कळत नाही, कारण फरक वीसने जास्त असो की कमी, लहरणं सारखंच. आणि दिशा कळली नाही तर प्रभार धन की ऋण हेही कळत नाही. म्हणून बाहेरच्या झोताची वारंवारता एका कंप पावणाऱ्या आरशाने मुद्दाम काही शे हर्ट्झने सरकवून ठेवतात. आता स्थिर कणही तेवढ्या वारंवारतेने लहरणारा उजेड देतो. एका दिशेला जाणारा कण त्यात भर घालतो, उलट जाणारा वजाबाकी करतो. वेग फारच कमी असेल तेव्हा वारंवारतेऐवजी लहरींची कला, म्हणजे फेज, किती सरकली ते बघतात, त्याने कमी वेळात आणि कमी व्होल्टेजवर उत्तर मिळतं.

वेगापासून पुढे

आपल्या कणाची गतिशीलता आली ३.१ एकक. स्मोलुचोव्हस्कींच्या सूत्राने झीटा सुमारे ४० मिलिव्होल्ट. इथे थांबू नये. ते सूत्र ढग कणाच्या मानाने फार पातळ असेल तेव्हाचं. आपल्या कणाची त्रिज्या ५० नॅनोमीटर आणि ढग जवळजवळ १० नॅनोमीटर, म्हणजे तसा जाडच. ढग कणापेक्षा खूप जाड असेल तेव्हाचं सूत्र हुकेल यांनी १९२४ मध्ये दिलं आणि त्यात त्याच झीटासाठी वेग दोन तृतीयांशच निघतो. या दोन टोकांना जोडणारा पूल १९३१ मध्ये हेन्री यांनी बांधला. त्यांची दुरुस्ती लावली की आपला ४० चा आकडा ५० च्या पुढे जातो. कण तोच, मोजलेला वेग तोच, झीटा वेगळा!

आणखी पुढे गेलं तर ढगाचा आकारही वेगवान कणामागे लांबतो, विस्कटतो आणि कणाला मागे खेचतो. ओब्रायन आणि व्हाइट यांनी १९७८ मध्ये संगणकाने हे सगळं सोडवून दाखवलं. त्यात असं दिसलं की झीटा वाढत गेला तर काही परिस्थितींत वेग आधी वाढतो, मग एका शिखरानंतर घटतो. म्हणजे एकाच वेगाला दोन वेगवेगळे झीटा बसू शकतात.

अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मानक संस्थेने यंत्रं पडताळून पाहण्यासाठी गोएथाइट या लोहखनिजाच्या कणांचा एक संदर्भ नमुना तयार केला. त्यावर प्रमाणित केलेला आकडा आहे २.५३ एकक गतिशीलता, अधिक चिन्हाचा, सामू २.५ ला. मिलिव्होल्टचा नाही. मोजलेल्या गोष्टीची ग्वाही द्यावी, गणिताने काढलेल्या गोष्टीची नव्हे, हे मला तरी योग्यच वाटतं.

आता मूळ प्रश्न: आपल्या कणावर प्रभार किती? झीटा उणे ५० मिलिव्होल्ट धरून, मिठाचं प्रमाण आणि त्रिज्या घालून हिशेब केला तर घसरणीच्या पृष्ठभागाच्या आत नऊशे ते हजार इलेक्ट्रॉनांइतका प्रभार भरतो. आता दुसऱ्या मार्गाने जाऊ. अशा कणांच्या पृष्ठभागावरचे आम्लगट अनुमापनाने, म्हणजे टायट्रेशनने मोजता येतात: थेंब-थेंब अल्क टाकायचं आणि पाण्याची विद्युतवाहकता कुठे वळण घेते ते बघायचं. चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोकूलॉम, जो अशा कणांसाठी अगदी शक्य आकडा आहे, तेवढा प्रभार निघाला तर एका कणावर सुमारे दहा हजार गट झाले. हजार खरे की दहा हजार? दोन्ही. रासायनिकदृष्ट्या पृष्ठभागावर दहा हजार आहेत. त्यातले नऊ हजार लगटून बसलेल्या आयनांनी झाकले आहेत. कण चालताना उरलेल्या हजारांचंच ओझं घेऊन चालतो. रंग किंवा औषध किती चिकटेल हे जाणून घ्यायचं असेल तर पहिला आकडा हवा. कण एकमेकांना दूर ठेवतील का हे हवं असेल तर दुसरा.

नमुना बिघडतो तो यंत्राबाहेर

लेझरच्या यंत्राला विरळ नमुना लागतो, नाहीतर प्रकाश आरपार जात नाही. मग दाट द्रव शुद्ध पाण्याने पातळ करण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. शुद्ध पाण्याने कणांबरोबर मीठही पातळ होतं, ढग जाड होतो, सामू सरकतो, आणि कणावर आधी चिकटलेले रेणू सुटून पाण्यात निघून जातात. मोजला जातो तो कण मूळ द्रवातला राहतच नाही. योग्य मार्ग म्हणजे मूळ द्रवच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं आणि त्यानेच पातळ करायचं.

‘शुद्ध पाण्यात मोजलं’ हे वाक्यही फसवं. उघडं ठेवलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्याचा सामू ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो. सकाळी आणि दुपारी घेतलेला आकडा वेगळा का आला याचं उत्तर बहुतेकदा यात असतं. म्हणून थोडं, पण माहीत असलेलं मीठ घालतात, लिटरला एक ते दहा मिलिमोल. उलट, शरीरातल्या द्रवांइतकं खारं पाणी असेल तर विजेचा प्रवाह इतका वाढतो की नमुना तापतो. अंशागणिक पाण्याची श्यानता साधारण दोन टक्क्यांनी घटते, इलेक्ट्रोडवर बुडबुडे येतात आणि प्रथिनं असतील तर ती तिथे जळून चिकटतात. अहवालात सामू, मीठ, तापमान आणि वापरलेलं सूत्र यांपैकी काहीच नसेल आणि फक्त उणे ३२ मिलिव्होल्ट एवढंच असेल, तर त्या आकड्याचं करायचं काय हे मला आजवर कळलेलं नाही.

पातळ करणं चालणारच नसेल, उदाहरणार्थ घट्ट रंग किंवा चिनीमातीचा लगदा, तर आवाजाचा मार्ग आहे. पीटर डिबाय यांनी १९३३ मध्ये दाखवलं की ध्वनिलहर गेली की हलके-जड आयन मागेपुढे हलतात आणि विद्युत दाब निर्माण होतो. कणांच्या बाबतीत हे आणखी ठळक असतं. उलटही होतं: दर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास वेळा दिशा बदलणारं क्षेत्र लावलं की कण थरथरतात आणि आवाज निघतो. त्या आवाजाच्या तीव्रतेवरून कणांची गतिशीलता काढतात. अट एकच, कणाची घनता पाण्यापेक्षा वेगळी हवी. घनता सारखी असेल तर कण कितीही प्रभारित असो, आवाज निघत नाही.

हे सगळं कशासाठी

सारख्या प्रभाराचे कण एकमेकांना दूर ठेवतात, आणि दूर ठेवू शकले नाहीत तर आकर्षणाने चिकटून गोळे होतात. १९४१ मध्ये डेर्यागिन आणि लँडाऊ यांनी, १९४८ मध्ये फेरवे आणि ओव्हरबेक यांनी या ओढाताणीचं गणित मांडलं. नदीचा गाळ समुद्राला भेटताच खाली बसू लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे: खाऱ्या पाण्यात ढग इतका पातळ होतो की कण अगदी जवळ येईपर्यंत त्यांना एकमेकांचा प्रभार कळतच नाही. प्रभाराची पट महत्त्वाची ठरते ती इथे. या सिद्धांताप्रमाणे एकपट प्रभाराचा आयन लागतो त्याच्या चौसष्टाव्या भागाइतका दुहेरी आणि सातशे एकोणतीसाव्या भागाइतका तिहेरी आयन पुरतो. प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येत नाहीत, पण कल तोच.

तुरटीतला ॲल्युमिनियम तिहेरी असतो, शिवाय पाण्याशी अभिक्रिया करून तो धन प्रभाराची संयुगं आणि जेलीसारखा साका तयार करतो. जलशुद्धीकरणात त्याची मात्रा ठरवण्यासाठी काही ठिकाणी प्रभार सतत मोजणारं यंत्र बसवतात. त्यात एक दट्ट्या खालीवर होतो, कण भिंतीला चिकटतात, हलणारं पाणी त्यांच्या ढगातले आयन वाहून नेतं आणि त्याचा क्षीण विद्युतप्रवाह मोजला जातो. प्रवाह शून्याजवळ आला की मात्रा बरोबर. जास्त तुरटी घातली तर कण धन होतात, पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात आणि पाणी परत गढूळ राहतं.

झीटा (उणे असो वा अधिक) ३० मिलिव्होल्टच्या वर असेल तर द्रव टिकाऊ, खाली असेल तर नाही, हा नियम पाठ्यपुस्तकांपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे दिसतो. ढोबळ अंदाजासाठी तो ठीक. २५ अंशाला आयनांच्या उष्ण धडपडीचं माप विभवात २५.७ मिलिव्होल्ट येतं, त्यामुळे आकडा अगदी हवेतला नाही. पण लांब रेणूंच्या केसाळ आवरणाने झाकलेले कण झीटा शून्य असतानाही वर्षानुवर्षं वेगळे राहू शकतात, आणि जड कण झीटा ६० असला तरी तळाशी बसतात, कारण गुरुत्वाकर्षणाला झीटाशी देणंघेणं नाही.

लाखो कणांची सरासरी न घेता एकेकट्या रेणूचा प्रभार मोजण्याची पद्धतही आता आहे. माधवी कृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. दोन प्रभारित पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीत एका ठिकाणी बारीक खळगा असतो, आणि सारख्या प्रभाराचा रेणू त्या खळग्यात अडकून राहतो. उष्णतेच्या धक्क्यांनी तो कधीतरी बाहेर पडतोच. किती वेळाने पडतो ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. हा वेळ प्रभारावर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्यामुळे प्रभारात थोडा फरक पडला तरी वेळात मोठा फरक दिसतो, आणि एका इलेक्ट्रॉनाहूनही कमी अनिश्चिततेने प्रभार काढता येतो. इथेही हाती येतो तो भोवतीच्या आयनांनी झाकून उरलेला प्रभावी प्रभारच. आणि वेगाऐवजी इथे घड्याळाचा आकडा असतो, प्रभार त्यातून गणितानेच काढावा लागतो.